चाकापुढचा ठोकळा

जिच्या अनेक हातांत शस्त्रे आहेत आणि तरीही एक हात केवळ अभय देण्यासाठी जिने मोकळा ठेवला आहे, त्या आदिमायेला प्रथम वंदन. आज आश्विन शुद्ध नवमी, आपल्याकडची खंडेनवमी. घरोघरी विळी, कात्री, पाना, हातोडी स्वच्छ पुसून पाटावर मांडली जातील आणि वर्षभर निमूटपणे राबलेल्या लोखंडाला आज हळदकुंकू मिळेल. या दिवसाच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत असे गेली काही वर्षे मनात येते; आणि दर वर्षी लेखणीचीही पूजा करून मी ती तशीच पाटावर ठेवून देतो. यंदा ती उचलली आहे. दहा वाजता शेजारचे प्रमोदराव त्यांच्या नव्या गाडीच्या पूजेसाठी बोलावणार आहेत. तोवर जेवढे लिहून होईल तेवढे लिहावे.

नागपूरचा आश्विन मोठा दुटप्पी असतो. पहाटे गवतावर दव असते आणि दुपारी तेच गवत उन्हाने कुरकुरते. शहराबाहेर सोयाबीनची कापणी चालू असते, तिची बारीक धूळ वाऱ्यावर येऊन ओठांना लागते. माळांवर काशाची पांढरी फुले एका बाजूला वाकून उभी असतात. बाजारात झेंडूचे ढीग आणि आपट्याच्या डहाळ्या. हे सारे सर्वांचे आहे. माझ्यासाठी मात्र या ऋतूला आणखी एक गंध आहे, कापराचा आणि पेट्रोलचा एकत्र. तो कोठून आला ते सांगतो.

शहरातल्या महाल भागातील एका पाठशाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक, बोकारे, पुढे वैमानिक झाला. शब्दरूपे त्याला कधी नीट आली नाहीत. पण गुरूला विसरला नाही. निवृत्तीनंतर त्याने उमरेड रस्त्याच्या पुढे, एका माळावर, स्वतःची छोटी धावपट्टी केली. पत्र्याची एक शेड, दोन माणसे बसतील एवढे एक जुने विमान आणि शिकायला येणारी पाच-सात मंडळी, एवढाच तो संसार. आज तेथे काहीही उरलेले नाही, जमिनीचे भूखंड पडले आहेत. त्या काळी मात्र दर खंडेनवमीला कॅप्टन बोकारे मला पूजेसाठी बोलावीत. मी सकाळच्या उमरेडच्या एसटीत बसत असे. कोळशाच्या ट्रकांमागून ती रखडत जाई आणि फाट्यावर मला उतरवून देई. पुढचा अर्धा कोस मी हातात पूजेची पिशवी घेऊन काशफुलांतून चालत जात असे.

त्या विमानाला बटण दाबून सुरू होण्याची सोय नव्हती. पुढच्या पंख्याचे पाते हाताने धरून जोराने खाली ओढावे लागे, तेव्हा इंजिन जागे होई. हे काम एकच माणूस करी. त्यांचे नाव रामटेके. नागपुरातच जरीपटक्याला राहत, पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांचे पाते ओढणे पाहण्यासारखे असे. आधी ते पायाखालची जमीन पाहत, खडा असला तर उचलून दूर फेकत. मग पाते धरीत, तेही बोटे न गुंडाळता, नुसत्या तळव्याने; आणि ओढताच त्याच वेगाने एक पाऊल मागे जात. जणू देवापुढून पाठ न दाखवता मागे सरणारा भक्त.

एकदा मी त्यांना म्हणालो होतो, की स्विच बंद असताना एवढी भीती कशाची?

"भीती नाही जी, गुरुजी. रीत हाये," ते म्हणाले. "स्विच बंद हाये म्हणते, पण आतून वायर तुटली असन तं बंद कुठून? हा पंखा झोपलेला दिसते. झोपलेला नसते कधी."

शेडच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी होती. सरकारी नियमांच्या जाड बाडातून जे या कामापुरते होते ते त्यांनी सोप्या मराठीत उतरवले होते. आत जाणता माणूस बसलेला असावा. त्याचा हात ब्रेकवर असावा. दोन्ही चाकांपुढे लाकडी ठोकळे असावेत. पंखा शिकलेल्या माणसानेच फिरवावा. बघ्यांनी दोरीच्या बाहेर उभे राहावे. ती पाटी वाचताना मला आमच्या सूत्रग्रंथांची आठवण होई. तेथेही असेच असते, एक शब्द अधिक नाही, कारण सांगण्याची भानगड नाही. कारण ज्यांनी भोगले त्यांनी ते वाक्य लिहून ठेवलेले असते.

आणि सर्वांत अधिक मला भावे तो त्यांचा संवाद. कॅप्टन आत बसत, मिस्त्री पंख्यापुढे उभे राहत आणि मोठ्याने विचारीत, "स्विच बंद?" आतून उत्तर येई, "स्विच बंद." "ठोकळे?" "लावले." "ब्रेक?" "ओढला." सर्वांत शेवटी मिस्त्री म्हणत, "काँटॅक्ट," म्हणजे आता स्विच चालू करा, मी ओढतो, आणि आतून पुन्हा तोच शब्द येई. यज्ञात एक ऋत्विज आज्ञा देतो आणि दुसरा ठरलेल्या शब्दांत तिला उत्तर देतो, त्यात आणि यात मला काही अंतर दिसत नसे. आमच्याकडे असा क्रम मध्ये तुटला तर तुटला तेथून पुढे जाता येत नाही. ते कर्म आरंभापासून पुन्हा करावे लागते आणि वर प्रायश्चित्तही घ्यावे लागते. हे मी चाळीस वर्षे शिकवले आहे. हे वाक्य येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

रामटेक्यांच्या घरी आमच्या देवांची पूजा होत नसे. दर वर्षी मी सर्वांना कुंकू लावीत जाई आणि त्यांच्यापाशी आलो की ते हसून म्हणत, "टिळा नको जी. तुमच्यासाठी हात जोडतो, तेवढं चालते ना?" मी म्हणे, "पुष्कळ झाले." दुसऱ्या दिवशी दसरा असे आणि ते कुटुंबासह दीक्षाभूमीला जात. तेथे गावोगावहून आलेल्या माणसांना पाणी देण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे स्वतःकडे घेतले होते. पूजा झाली की ते मला फाट्यापर्यंत पोचवीत, एसटी येईपर्यंत थांबत आणि बागेतली दोन हिरवट संत्री पिशवीत टाकीत. "अजून आंबट हायेत, गुरुजी. पण तुमच्या नातवाले सांगा, विमानवाल्यानं दिली." आमच्यात याहून अधिक बोलणे कधी झाले नाही. परंतु आदर हा बोलण्यावर मोजण्याचा विषय नाही. तो आदरच पुढे घात करील असे मात्र मला वाटले नव्हते.

त्या वर्षी विमानाचे इंजिन नव्याने बांधून आले होते. कॅप्टन फार आनंदात होते. "गुरुजी, यंदा नवी गाडी समजूनच पूजा करा," त्यांनी फोनवर सांगितले. नवी गाडी म्हणजे चाकांखाली लिंबू आलेच. आदल्या दिवशी मी सीताबर्डीच्या बाजारातून दोन लिंबे निवडून घेतली, पातळ सालीची, डाग नसलेली.

पूजा यथासांग झाली. पंख्याला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ घालून पुन्हा काढून ठेवली. मग प्रथेप्रमाणे इंजिन एकदा सुरू करायचे होते. मंडळी दोरीबाहेर गेली, कॅप्टन आत बसले. स्विच बंद, बंद. ठोकळे, लावले. ब्रेक, ओढला. आणि तेवढ्यात माझ्या पिशवीतली लिंबे मला आठवली.

"थांबा," मी म्हणालो. "लिंबे राहिली."

रामटेके वळले. "इंजिन चालू होऊन जाऊ द्या, गुरुजी. बंद केल्यावर ठेवू."

"नंतर ठेवलेल्या लिंबाचा काय उपयोग, मिस्त्री? चाक हलण्याआधी ठेवायची असतात."

"ठोकळ्याच्या बाजूले ठेवता का मग?"

"चाकासमोर, मधोमध लागतात. क्षणभर काढा ठोकळे. मी ठेवतो आणि आपण..."

ते वाक्य मी पूर्ण केले होते की नव्हते, हे आज मला आठवत नाही. रामटेक्यांनी वर कॅप्टनकडे पाहिले. कॅप्टन हसत होते. "काढ गा मिस्त्री, देवाचं काम हाये. तुले का गुरुजीहून जास्त समजते?"

रामटेक्यांनी दोन्ही ठोकळे काढून पूजेच्या पाटाजवळ नेऊन ठेवले. मी दोरीच्या आत गेलो, दोन्ही चाकांपुढे स्वहस्ते लिंबे ठेवली, मागे आलो, आणि डोळे मिटून मंत्र म्हणू लागलो. मंत्र लांब होता. तो तेवढा लांब म्हणण्याची गरज नव्हती. हाताने ओढून धरावा लागणारा तो ब्रेक सोडून कॅप्टननी मंत्रासाठी नमस्कार केला होता, हे मला नंतर समजले. रामटेकेही, माझ्यासाठी, हात जोडून उभे होते. मंत्र संपला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता होती. आणि ते दोघे जेथे थांबले होते तेथूनच पुढे निघाले.

"काँटॅक्ट."

"काँटॅक्ट."

नवे इंजिन पहिल्या ओढीलाच सुरू झाले. विमान लिंबांवरून पुढे आले. लिंबू फुटल्याचा वास मला स्पष्ट आला. रामटेके आपले पाऊल मागे टाकीत होते, परंतु त्यांचे पाऊल उभ्या विमानासाठी घडवलेले होते, चालत येणाऱ्या विमानासाठी नव्हे.

त्यानंतरच्या काही क्षणांचे वर्णन मी करीत नाही. कॅप्टननी इंजिन बंद केले. रामटेक्यांचा जीव वाचला. उजव्या हाताची चार बोटे गेली, अंगठा राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे नागपूर दसऱ्याच्या गर्दीत होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे सर्व रस्त्यांनी दीक्षाभूमीकडे चालली होती. त्यांना ओलांडून मी रुग्णालयात गेलो. रामटेक्यांच्या पत्नी, सुनंदाबाई, बाहेर बाकावर बसल्या होत्या. इस्त्री केलेली पांढरी साडी त्यांनी सकाळीच नेसली होती आणि तशाच त्या येथे आल्या होत्या. बाकावर थोडे सरकून त्यांनी मला जागा दिली. मी बसलो.

चौकशीला बाहेरगावचे एक अधिकारी आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. मी त्यांच्यापुढे स्वतः होऊन गेलो आणि म्हणालो, "ठोकळे मी काढावयास लावले. दोष माझा आहे."

त्यांनी विचारले, "आपण या संस्थेत कामाला आहात का?"

"नाही."

"या कामाचे काही शिक्षण, परवाना?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. "गुरुजी, मग नियमाच्या दृष्टीने आपण तेथे बघे होता. बघ्याने काही सांगितले तर त्याला नाही म्हणणे, हेच त्या माणसाचे काम होते. आपले म्हणणे मी लिहून घेतो. पण त्याने उत्तर बदलत नाही."

त्यांचे काहीही चुकले नव्हते. पाटीवर तेच लिहिले होते, आणि ती पाटी मी दर वर्षी कौतुकाने वाचली होती. माझे म्हणणे त्यांनी लिहून घेतले, मी सही केली. अहवालात तेच आले. ठोकळे कोणी काढले? रामटेके. ते परत न लावता पंखा कोणी ओढला? रामटेके. कॅप्टनलाही ठपका बसला, काही काळ त्यांचे उडणे बंद झाले. परंतु निष्काळजीपणा हा शब्द ज्या एका नावापुढे ठळक झाला ते नाव त्या माणसाचे होते, जो पायाखालचा खडा उचलून फेकल्याशिवाय पंख्याला हात लावीत नसे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून कोणाला खरचटलेही नाही, एवढाच त्यांचा अभिमान होता. तो एक शब्द काढून टाकावा, किंवा निदान माझे नाव त्याच्या शेजारी लिहावे, म्हणून मी पत्रे लिहिली. विनम्र उत्तरे आली. माझ्या ग्रंथांत प्रत्येक चुकीला प्रायश्चित्त आहे, आणि ते चूक करणाऱ्यालाच घेता येते. येथे मी चूक केली होती आणि ती माझी आहे असे मानायला कोणी तयार नव्हते.

महिन्याभराने मी जरीपटक्याला त्यांच्या घरी गेलो. बाजारातली गल्ली, खाली शिवणयंत्राचे दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या. रामटेके खाटेवर बसले होते, हात पांढऱ्या पट्टीत.

मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही चौकशीत माझे नाव का घेतले नाही?"

"घेऊन का होते, गुरुजी? त्यांनी विचारलं, ठोकळे कोणं काढले. मी काढले. खोटं काहून सांगू?"

"पण मी सांगितले म्हणून."

"तुमी सांगितलं. ऐकलं तं मीच ना." त्यांनी पट्टीतला हात उचलून मांडीवर घेतला. "पाटी माह्याच हातची होती जी. बघ्यांनी दोरीच्या बाहेर राहावं. तुमाले बाहेर काढायची हिंमत नाही झाली मले, एवढीच गोष्ट हाये. दुसरा कोणी असता तं हाकलला असता."

सुनंदाबाई चुलीपाशी होत्या. तेथूनच, मागे न पाहता, त्या म्हणाल्या, "गुरुजी, राग नोका येऊ देऊ. पण तुमच्या देवाले दोन लिंबं दिसले अन् यांचा हात नाही दिसला का?"

"चूप वं," रामटेके हळू म्हणाले.

"मी काहून चूप राहू? तुमी चूप राहिले म्हणून तं हे झालं."

देवीच्या अनेक हातांकडे मी रोज पाहतो. अभयाचा तो उजवा हात तेथे आहेच. त्याच्या बोटांवर गंध लावताना मी ती एकेक करून मोजतो. माझी श्रद्धा ढळलेली नाही. ढळली असती तर सोपे झाले असते. मी ज्या नावाने त्या माणसाला गप्प केले तेच नाव मी आजही तिन्ही त्रिकाळ घेतो, आणि दुसरे नाव मला ठाऊक नाही.

त्या दिवशी सुनंदाबाईंनी चहा दिला. साखर थोडी जास्तच घातली होती.

तेव्हापासून दर खंडेनवमीच्या आसपास मी जरीपटक्याला जातो. रामटेके आता घराच्या जिन्यापाशी बसून शेजाऱ्यांचे मिक्सर, पंखे दुरुस्त करतात. स्क्रू फिरवायचा पेचकस डाव्या हातात, आणि यंत्र सुनंदाबाई धरतात. "आमी दोघं मिळून एक मिस्त्री हाओत, गुरुजी," ते म्हणतात. "अन् चहाच्या वेळेस एकच बाई," सुनंदाबाई म्हणतात. त्यांना हसू येते, मलाही येते.

धावपट्टी बंद झाली तेव्हा शेडमधले सामान विकले गेले. रामटेक्यांनी फक्त ते दोन ठोकळे मागून आणले. सागाचे, तिरपे कापलेले, कडेला पिवळा रंग. खाटेखाली ठेवले होते. गेल्या वर्षी ते माझ्या दृष्टीस पडले आणि मी म्हणालो, "मिस्त्री, यातला एक मला द्या. देव्हाऱ्यात ठेवीन म्हणतो."

त्यांनी तो डाव्या हाताने काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि बराच वेळ माझ्या हातात दिला नाही.

"न्या जी," ते शेवटी म्हणाले. "पण देव्हाऱ्यात नोका ठेवू. चाकापुढं ठेवा."

माझ्याकडे चाक नाही. तो ठोकळा वर्षभर दाराशी, चपलांच्या शेजारी पडून आहे. घरातले लोक त्याला अडखळतात आणि मुकाट्याने बाजूला करतात.

येथवर लिहिले आणि प्रमोदरावांची हाक आली. मधला तास सोडून आता पुढचे लिहीत आहे.

मी खाली जाताना पूजेच्या ताटाबरोबर ठोकळाही नेला. गाडी सुंदर होती, दुधासारखी पांढरी. आमच्या गल्लीला थोडा उतार आहे. प्रमोदरावांची आई, पत्नी, दोन्ही मुली गाडीपुढेच दाटीने उभ्या होत्या, फोटोसाठी. मी प्रथम वाकून ठोकळा पुढच्या चाकाखाली सरकवला.

"हे का हो, गुरुजी?" प्रमोदराव हसले.

"राहू द्या. आणि मंडळींना आधी बाजूला घ्या."

"अहो, ब्रेक लागून हाये. नवी गाडी हाये बाप्पा, तुमच्या काळातली नाही."

त्यांच्या आई म्हणाल्या, "गुरुजी, लिंबू ठेवायचं हाये ना तिथं? तो लाकडाचा तुकडा मधात आला."

मी सांगू लागलो. उमरेड रस्ता, पत्र्याची शेड, एक मिस्त्री. सर्वांनी आदराने ऐकले. आदराने ऐकणे म्हणजे काय असते ते मला चांगले ठाऊक आहे. माझे बोलणे संपण्याची वाट पाहून झाल्यावर प्रमोदरावांनी पायाच्या अंगठ्याने ठोकळा हळूच बाजूला सारला आणि त्या जागी लिंबू ठेवले. "हं, म्हणा मंत्र."

मी मंत्र म्हटला. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझी दृष्टी त्या चाकावर आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या धाकट्या मुलीच्या पायांतल्या नव्या सँडलांवर होती. मंत्र मी शक्य तितका आखूड केला. मंडळी बाजूला झाली, गाडी हलली, लिंबू फुटले, टाळ्या वाजल्या. काही झाले नाही. होणारही नव्हते कदाचित. ठोकळा उचलून मी जिना चढून वर आलो. तो आता या कागदाशेजारी आहे, त्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब पडला आहे.

दुपार होत आली. संध्याकाळी जरीपटक्याला जायचे आहे. रामटेके विचारतील, ठोकळा कुठे ठेवला, गुरुजी.

वाचकहो, आदिमाया तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या घरातून सकाळी कामाला गेलेले सर्व हात संध्याकाळी सर्व बोटांसह परत येवोत. तुमच्यापेक्षा लहान, तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या कोणी कामाच्या मधोमध तुम्हाला "थांबा" म्हटले, तर ते ऐकण्याची बुद्धी तुम्हाला होवो; आणि माझ्यासारख्या कोणा वडीलधाऱ्याला दोरीबाहेर उभे करण्याचे धैर्य तुमच्या घरच्यांना लाभो. शुभं भवतु.